राजा चुकतो, रयत भोगते : इंदूरच्या एका मराठी मंडळीतील शास्त्राभ्यासाचे प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरमध्ये मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक थोडे, पण बरेच जुने. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इथे पाय रोवले आणि १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज निघाले. त्या मिशनचे बहुतेक काम हिंदीतून चाले. मराठी कुटुंबे आली ती नगर-जालन्याकडून, दवाखान्यातल्या नोकरीसाठी, रेल्वेत किंवा कापडगिरण्यांत. गिरण्या बंद पडल्या, माणसे राहिली.

प्रकरण ज्या मंडळीचे (म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहाचे) आहे तिची ओळख पटू नये म्हणून वस्ती, वर्ष आणि काही तपशील बदलले आहेत. सुमारे ४५ कुटुंबे, रविवारी सकाळी मराठी उपासना, त्यानंतर त्याच इमारतीत दुसऱ्या मंडळीची हिंदी उपासना. कारभार पाळक (धर्मगुरू) आणि निवडून दिलेले पाच ‘वडील’ (मंडळीचे कारभारी) पाहतात. बुधवारी संध्याकाळी शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, असतो आणि त्याला पंचवीस-तीस माणसे येतात. त्यातली निम्मी साठीच्या पुढची. तरुण घरी मराठी बोलतात, पण वाचायला हिंदी सोपे जाते. ही बाब पुढे नडली.

काय घडले

विधानसभा निवडणुकीचे दिवस होते. पाळक गावी गेले होते, म्हणून बुधवारचा वर्ग मंडळीतल्या ज्येष्ठ वडिलांनी घेतला. निवृत्त शिक्षक, शास्त्र तोंडपाठ, शब्दाला वजन. विषय होता बायबलमधल्या ‘२ राजे’ या पुस्तकाचा २१ वा अध्याय, मनश्शे राजा. त्याने ५५ वर्षे राज्य केले, मंदिराच्या अंगणात परक्या दैवतांच्या वेद्या बांधल्या, स्वतःचा मुलगा अग्नीत अर्पण केला, यरुशलेम निर्दोष रक्ताने भरून टाकले. धडा संपवताना वडिलांनी थेट आजच्या देशावर उडी घेतली. नेते देवापासून फिरले म्हणून पूर, म्हणून महागाई, म्हणून रोगराई, असा हिशेब मांडला. शेवटी एक छापील कागद वाटला. वर मथळा ‘देशासाठी पश्चात्तापाची प्रार्थना’, खाली चार पुढाऱ्यांची नावे. चारही एकाच पक्षाचे.

कोणीतरी मोबाइलवर चार मिनिटांची क्लिप घेतली होती. रात्रीच ती मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली आणि दुसऱ्या दिवशी मंडळीच्या बाहेर पोचली.

तिघांना तिची झळ लगेच बसली. एक सभासद सरकारी कर्मचारी, त्यांची निवडणुकीच्या कामावर नेमणूक झालेली, म्हणून त्यांनी येणे थांबवले. एक परिचारिका, तिच्या मुलीचे सासर हिंदू. जावयाने क्लिप पाहिली आणि नातवंडांचे रविवारचे येणे थांबले. तिसरे एक तरुण जोडपे, नुकतेच यायला लागले होते. ते पुन्हा दिसले नाहीत.

प्रश्न नेमका कोणता होता

पहिल्या बैठकीत तीन प्रश्न एकमेकांत गुंतले होते. ते सुटे करण्यातच निम्मा वेळ गेला.

पहिला कायद्याचा, आणि तो सरळ होता. निवडणुकीच्या आदर्श आचारसंहितेनुसार मंदिर, मशीद, चर्च यांचा वापर प्रचारासाठी करता येत नाही. धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) कायदा, १९८८ हा तर निवडणूक असो वा नसो, धर्मस्थळाच्या जागेत राजकीय काम करू देत नाही. प्रार्थना म्हणून छापलेल्या कागदावर एकाच पक्षाची नावे असली की तो कागद प्रार्थनेचा राहत नाही. उरलेल्या प्रती त्याच दिवशी गोळा करायला हव्या होत्या.

दुसरा माणसांचा. ज्येष्ठ वडिलांना कोण आणि कसे सांगणार?

तिसरा शास्त्राचा. वडिलांचा मुद्दा सपशेल चूक नव्हता, प्रकरणाची खरी गोम इथेच आहे. राजांच्या पुस्तकांचा कणाच तो आहे: राजा देवाशी बेइमान झाला आणि राष्ट्र रसातळाला गेले. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन अश्शूरांच्या हाती गेली, त्याचे कारण २ राजे १७ मध्ये याच भाषेत दिले आहे. दक्षिणेकडच्या यहूदा राज्याचा शेवट इ.स.पू. ५८६ च्या सुमारास झाला आणि त्याचे खापर २ राजे २४ मनश्शेवर फोडते. ‘असे काही शास्त्रात नाही’ म्हणून पाळकांना हात झटकता येत नव्हते. शास्त्रात आहे. मात्र ते कसे आहे, कोणाबद्दल आहे आणि राजाच्या मनातले पाप रयतेच्या ताटापर्यंत कोणत्या वाटेने पोचते, हे कोणी वाचून दाखवले नव्हते.

पुढे आलेले पर्याय

निवडणूक होईपर्यंत बुधवारचा वर्ग बंद ठेवावा, हा पर्याय सर्वांत सोपा होता. पाचपैकी दोन वडील त्या बाजूचे होते. त्याने वाद थांबला असता, पण ज्येष्ठांचे प्रवचन हाच त्या विषयावरचा शेवटचा शब्द म्हणून राहिला असता.

ज्येष्ठांनी उपासनेत उभे राहून माफी मागावी, अशी तरुणांची मागणी. पाळकांनी ती नाकारली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला भर मंडळीत उभे केले तर अर्धी मंडळी कारण विसरते आणि अपमान लक्षात ठेवते, असे त्यांचे म्हणणे. ते पटण्यासारखे आहे. पण खासगीतही कोणी बोलले नाही, त्याचा विचार पुढे येईल.

तिसरा पर्याय एका प्रवचनाचा. १ तीमथ्य २:१-२ घ्यायचे, राजांसाठी व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा म्हणायचे आणि विषय मिटवायचा. बहुतेक ठिकाणी हेच होते.

निवडला गेला तो चौथा: तोच विषय, पण मुळापासून आणि क्रमाने, सहा बुधवार. शिकवणार पाळक आणि मंडळीतल्या एक निवृत्त बँक कर्मचारी बाई. ज्येष्ठांना वगळायचे नाही. दर वेळी उतारा मोठ्याने वाचण्याचे काम त्यांचे. त्यांचे वाचन खणखणीत आहे आणि वाचणाऱ्याला मजकुराबाहेर जाता येत नाही, या दोन्ही गोष्टी पाळकांच्या मनात होत्या.

वर्ग कसा आखला

प्रत्येक वर्ग ७५ मिनिटांचा. वाचन २०, फळ्यावरचे काम ३०, प्रश्न १५, प्रार्थना १०. फळ्यावर तीन रकाने: ‘राजाने काय केले’, ‘मधल्या माणसांनी काय केले’, ‘रयतेच्या अंगावर काय आले’. नियम एकच: ज्याला अध्याय आणि वचन सांगता येणार नाही ते फळ्यावर येणार नाही. आजचे कोणतेही नाव घ्यायचे नाही, आणि ही अट दोन्ही बाजूंना. मोबाइल टेबलावर उताणे.

मधला रकाना बाईंनी सुचवला. बँकेत घोटाळा एकट्या मॅनेजरचा कधीच नसतो, कुठल्यातरी व्हाउचरवर दुसरी सही असतेच, असे त्या म्हणाल्या. सहाही आठवडे या रकान्यानेच सावरून धरले.

पहिला बुधवार बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १७:१४-२० वर होता. राजा असावा कसा, याचा हा इस्राएलातला कायदा. त्याने घोडे फार वाढवू नयेत, बायका फार करू नयेत, सोनेरुपे फार साठवू नये. गादीवर बसल्यावर नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी लिहून घ्यावी, ती आयुष्यभर वाचावी आणि आपल्या भाऊबंदांहून स्वतःला मोठे समजू नये. सात वचने, बस्स. देवाशी इमान कशाला म्हणतात ते इथे मोजता येईल अशा भाषेत आहे: तबेला, जनाना, खजिना आणि रोजचे वाचन. जोडीला १ शमुवेल ८ घेतला. राजा मागणाऱ्या लोकांना शमुवेल संदेष्टा बजावतो की तो तुमची मुले घेईल, मुली घेईल, शेते घेईल, धान्याचा दहावा भाग घेईल.

एका शिक्षिकेने इथे होळकरांची आठवण काढली. अहिल्याबाईंच्या कारभारात हुकूम ‘श्रीशंकर आज्ञेवरून’ निघत. राज्य देवाचे, आपण कारभारी. श्रद्धा वेगळी, पण राजाच्या डोक्यावर कोणीतरी आहे ही कल्पना इंदूरकरांना समजावून सांगावी लागत नाही. वर्गाला पुढे ही आठवण फार कामी आली.

शलमोनाचा हिशेब

दुसरा आणि तिसरा बुधवार दाविदाचा मुलगा शलमोन राजा याच्यावर गेला. योजनेत एकच होता, पण आकडे निघू लागले आणि वर्ग उठेना.

१ राजे ४ मध्ये त्याच्या मुदपाकखान्याचा रोजचा खर्च आहे: ३० कोर सपीठ, ६० कोर पीठ, १० पोसलेले बैल, कुरणातले २० बैल, १०० मेंढरे, वर हरणे-सांबरे आणि पोसलेली पाखरे. हा शिधा पुरवायला देशाचे १२ विभाग, प्रत्येकाने वर्षातला एक महिना. वर्गात एक मावशी आहेत, त्यांनी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांची मेस चालवली. वहीच्या मागच्या पानावर त्यांनी गणित मांडले. एका विभागावर महिन्याला ९०० बैल आणि ३,००० मेंढरे. एक कोर म्हणजे सुमारे २२० लिटर धरले (अंदाज कमीजास्त आहेत), तर पीठच दिवसाला जवळपास वीस हजार लिटर. मावशी एवढेच म्हणाल्या, “हे एका महिन्यात द्यायचं, तर बाकीचे अकरा महिने त्या गावाने त्याचीच तजवीज करायची.” शोमरोनाच्या डोंगराळ गावातले कुटुंब राजाच्या पापाबद्दल काही जाणो न जाणो, त्याचा बैल गेला हे त्याला कळणारच.

पुढे वेठ. १ राजे ५ नुसार ३०,००० माणसे लबानोनात लाकूडतोडीला, दरमहा १०,००० च्या पाळीने: एक महिना तिकडे, दोन महिने घरी. शिवाय ७०,००० ओझेकरी, ८०,००० पाथरवट, त्यांच्यावर ३,३०० मुकादम. १ राजे ९:२२ म्हणते की इस्राएल लोकांना त्याने दास केले नाही. पाचवा अध्याय मात्र वेठ ‘सर्व इस्राएलातून’ काढल्याचे सांगतो. ही गाठ वर्गाने सोडवली नाही, फळ्यावर दोन्ही वचने शेजारी लिहून ठेवली. ते योग्यच झाले. शास्त्रातला पेच पाळकाने घाईने सोडवला की लोक पुढचा पेच विचारत नाहीत.

मंदिराला सात वर्षे लागली, राजवाड्याला तेरा. हे १ राजे ६ च्या शेवटी आणि ७ च्या सुरुवातीला लागोपाठ आले आहे, मध्ये अध्याय बदलतो म्हणून नजरेतून सुटते. हिशेबाच्या शेवटी सोरच्या हीराम राजाला गालीलातली २० गावे देऊन टाकली. माणसांसकट गावे. शिक्षिकेने पुन्हा होळकरांकडे बोट दाखवले. तिथे ‘खासगी’ (स्वतःची मिळकत) वेगळी आणि ‘दौलत’ (राज्याचा खजिना) वेगळी, अहिल्याबाईंचा दानधर्म खासगीतून. शलमोनाकडे ही भिंतच दिसत नाही.

आणि मग १ राजे ११: सातशे राण्या, तीनशे उपपत्नी, म्हातारपणी फिरलेले मन, यरुशलेमेसमोरच्या डोंगरावर कमोश आणि मोलख या परक्या दैवतांची उच्च स्थाने (पूजास्थाने). बहुतेक जण शलमोनाचे पाप इथून वाचायला लागतात. अनुवाद १७ हाताशी ठेवून वाचले की दिसते, मूर्ती शेवटी आल्या. घोडे, सोने आणि जनाना आधीच जमले होते आणि त्या वेळी कोणी तक्रार केल्याची नोंद नाही, उलट कौतुकच आहे. ही उच्च स्थाने पाडली यहूदाचा राजा योशीया याने (२ राजे २३:१३), तीन शतकांनी. मधल्या काळात हिज्कीयासारखा सुधारक होऊन गेला, तरी ती पडली नव्हती. राजा मरतो, त्याने बांधलेले राहते.

रहबाम आणि पितळी ढाली

चौथ्या बुधवारी १ राजे १२. शखेमात लोक जमतात. त्यांची मागणी देवधर्माची नाही, जू हलके करा एवढीच आहे. शलमोनाचा मुलगा रहबाम तीन दिवसांची मुदत घेतो, वडीलधाऱ्यांचा सल्ला टाकतो, सोबत वाढलेल्या मित्रांचा घेतो आणि उत्तर देतो: बापाने चाबूक वापरला, मी विंचू वापरीन. वर समजूत घालायला पाठवतो कोणाला, तर वेठीवरच्या मुख्य अंमलदाराला. लोक त्याला दगडांनी ठार करतात. इस्राएलाच्या बारांपैकी दहा वंश फुटून गेले.

त्या दहा वंशांचा राजा झालेल्या यराबामाचे प्रकरण याहून बोधक आहे, कारण त्याचा हेतू लिहून ठेवला आहे. लोक यरुशलेमेला यात्रेला जात राहिले तर मन तिकडे वळेल, ही भीती (१२:२६-२७). म्हणून बेथेल आणि दान इथे सोन्याची वासरे, लेवी या याजकांच्या वंशाबाहेरचे याजक, आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी नवा सण. धर्म राज्य टिकवण्यासाठी वापरला. इथे ज्येष्ठ वडील वाचता वाचता थांबले, मग तेच वचन पुन्हा वाचले. कोणी काही बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती.

त्याच आठवड्यात १ राजे १४:२५-२८ जोडले. रहबामाच्या पाचव्या वर्षी मिसरचा (इजिप्तचा) राजा शिशक येतो, शलमोनाच्या सोन्याच्या ढाली घेऊन जातो. रहबाम त्यांच्या जागी पितळेच्या करतो. राजा मंदिरात निघाला की पहारेकरी त्या ढाली घेऊन पुढे चालतात आणि परत आल्यावर त्या चौकीत ठेवून देतात. थाट तोच, धातू बदललेला. देशाची घसरण सांगणारे याहून नेमके चित्र या पुस्तकांत क्वचितच सापडेल.

नाबोथ आणि मंडळीची पासबुके

पाचव्या आठवड्यात १ राजे २१. इस्राएलाचा राजा अहाब याला द्राक्षमळा हवा, मळ्याचा मालक नाबोथ वडिलोपार्जित वतन देत नाही. राणी ईजबेल पत्रे लिहिते, शिक्का अहाबाचा, जाणार नाबोथाच्या इज्रेल गावच्या वडिलांकडे आणि सरदारांकडे. ते उपास जाहीर करतात, दोन खोटे साक्षीदार बसवतात, नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडमार करतात आणि ‘नाबोथ मेला’ असा निरोप पाठवतात. फळ्यावर पहिला रकाना जवळजवळ रिकामा राहिला. अहाब तर अंथरुणावर तोंड फिरवून पडला आहे. भरला तो मधला. पत्र मिळालेल्यांपैकी एकानेही विचारल्याचे लिहिलेले नाही की हा खटला कशासाठी.

प्रश्नांच्या वेळी बाईंनी विचारले, “आपल्या चेकवर दोन सह्या लागतात. दुसरी सही करणारा चेक वाचतो का?”

वर्ग गप्प झाला. दुसरी सही ज्येष्ठ वडिलांची होती आणि ते कोऱ्या चेकांवर आगाऊ सह्या करून ठेवत, हे तिथल्या दोघातिघांना ठाऊक होते. छतदुरुस्तीचा निधी वेगळ्या खात्यात होता. पुढच्या रविवारी वडिलांच्या सभेत दोन्ही पासबुके मागवली गेली. चोरी झाली नव्हती. पण छताच्या पैशांतून १,४०,००० रुपये वार्षिक मेळाव्याच्या जेवणाला आणि मंडपाला गेले होते, ‘नंतर भरू’ या बोलीवर. ठराव नाही, नोंद नाही. खजिनदारांनी चेक भरला, ज्येष्ठांची सही तयारच होती, पाळकांनी विचारले नाही. लोकांनी देवाला म्हणून जे दिले ते वेगळ्याच कामाला लागले, आणि पावसाळ्यात लहान मुलांच्या वर्गात बादल्या ठेवाव्या लागल्या.

अवघड प्रश्न

सहाव्या आठवड्यात कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने विचारले: राजाची चूक आणि मरणार लोक, हा न्याय कसा? त्याच्या हातात २ शमुवेल २४ होता. दाविदाची शिरगणती, मरीने ७०,००० मेले. दावीद स्वतःच म्हणतो, पाप मी केले, या मेंढरांनी काय केले?

पाळकांनी सफाईचे उत्तर दिले नाही. त्यांनी शास्त्रातलेच दोन धागे समोर ठेवले. एकीकडे यहेज्केल १८: मुलगा बापाचे पाप वाहणार नाही, प्रत्येकाचा न्याय त्याच्या वर्तनाने. दुसरीकडे २ राजे २३:२६: योशीयाने एवढी सुधारणा केली, तरी मनश्शेमुळे पेटलेला कोप शमला नाही. न्याय आणि परिणाम या दोन गोष्टी आहेत, इतके वर्गाला कळले. दोषी नसलेला माणूस परिणाम भोगतो, म्हणूनच पुढाऱ्याचे पाप इतके जड.

त्यानंतर ज्येष्ठांच्या मूळ हिशेबाची तपासणी झाली. दुसरा यराबाम (त्याच नावाचा इस्राएलाचा नंतरचा राजा) वाईट राजा, पण त्याने ४१ वर्षे राज्य केले आणि सीमा वाढवल्या (२ राजे १४). योशीया विश्वासू, पण मगिद्दोला मारला गेला, तोही चाळिशीच्या आत. संकट आले म्हणून राजा पापी आणि भरभराट आहे म्हणून राजा भला, हे गणित राजांचे पुस्तकच मोडून टाकते. दुसऱ्या यराबामाच्या भरभराटीतच आमोस संदेष्टा ओरडत होता की गरिबाला जोड्याच्या किमतीला विकतात. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसे मेली, ती अधिक पापी होती का, याला येशूने लूक १३ मध्ये ‘नाही’ म्हटले आणि प्रश्न विचारणाऱ्यांवरच उलटवला. आणखी एक: इस्राएलाचा राजा देवाच्या करारातला राजा होता. आज मतदानाने आलेला कोणताही पुढारी त्या जागी नाही. त्याच्यासाठी मंडळीला सांगितले आहे ते तीमथ्याच्या पत्रातले, आणि यिर्मया २९:७ मधले: ज्या नगरात राहता त्याचे हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा. यिर्मयाने हे लिहिले तेव्हा ते नगर होते बाबेल, लोकांना कैद करून नेणाऱ्या शत्रूचे.

काय निष्पन्न झाले

प्रार्थनेचा कागद बदलला. आता त्यावर नावे नसतात, पदे असतात: पंतप्रधान, मुख्यमंत्री, महापौर, वॉर्डाचे नगरसेवक, आणि त्याच ओळीत पाळक, वडील, खजिनदार. कोऱ्या चेकांवर सही बंद. छतनिधीची रक्कम सात महिन्यांत हप्त्याहप्त्याने परत भरली, छत पुढच्या पावसाळ्याआधी झाले. जमाखर्च दर तीन महिन्यांनी उपासनेनंतर वाचला जातो. थांबून ऐकणारे कमीच, पण वाचला जातो.

सरकारी कर्मचारी परत आले. तरुण जोडपे आले नाही. परिचारिकेच्या घरचा तिढा सुटलेला नाही. जावयाला सहा आठवड्यांच्या अभ्यासाशी देणेघेणे नाही, त्याने चार मिनिटेच पाहिली आहेत. ज्येष्ठ वडिलांनी पंचवर्षीय मुदत संपल्यावर पुन्हा उभे राहायला नकार दिला. वाचन मात्र सोडले नाही. खजिनदार दुसऱ्या मंडळीत गेले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक पहिल्या नऊ दिवसांतली. क्लिप बाहेर गेल्यापासून वडिलांची सभा भरेपर्यंत ज्येष्ठांकडे कोणी गेले नाही. फोनही नाही. मत्तय १८:१५ ची पायरी साधी आहे: एकट्याने जा, एकांतात सांग. ती गाळली गेली, म्हणून त्यांना पहिली खबर नातवाच्या फोनवरून मिळाली. पाळक गावी होते ही सबब चालणार नाही, बाकी चार वडील इंदुरातच होते.

पासबुकाचा प्रश्न वर्गात निघाला हे नाट्यमय झाले, पण योग्य झाले नाही. बाईंना शंका आधीपासून होती. ती वडिलांच्या सभेत लेखी मांडली असती तर खजिनदारांना उत्तर द्यायला जागा मिळाली असती. नाबोथाचा अध्याय वाचून झाल्यावर कोणावर बोट रोखले की तो माणूस आधीच अहाब ठरलेला असतो.

दुसऱ्या यराबामाचा आणि योशीयाचा दाखला सहाव्या आठवड्यापर्यंत राखून ठेवायला नको होता. मधले चार आठवडे काही जण मनातल्या मनात आजच्या पुढाऱ्यांनाच फळ्यावर लिहीत होते. हे दोन राजे दुसऱ्याच बुधवारी आले असते तर तो खेळ लवकर थांबला असता.

तरुणांची गळती पहिल्या दोन आठवड्यांतच दिसली. जुन्या मराठी भाषांतरातली मापे, पदे आणि नावे त्यांच्या डोक्यावरून गेली. तिसऱ्या बुधवारपासून हिंदी बायबल शेजारी ठेवायला परवानगी मिळाली आणि आकड्यांचे काम त्यांच्याकडे दिले, तेव्हा ते टिकले. हे पहिल्या दिवशीच करता येत होते.

आणि ती क्लिप. वर्गात रेकॉर्डिंग नको हा नियम आता आहे. तो अर्धाच उपाय आहे. दुसरी मंडळी हा अभ्यास घेणार असेल तर उलट करून पाहावे: फळ्याचा फोटो दर बुधवारी ग्रुपवर टाकावा, वचनांसकट, म्हणजे कोणाला चार मिनिटे कापून पाठवायची असली तरी पूर्ण पान शेजारीच असेल. सहा बुधवार मात्र कमी पडतात. शलमोनालाच दोन लागतात, मनश्शेला स्वतंत्र एक हवा, कारण २ इतिहास ३३ मध्ये तो कैदेत पश्चात्ताप करून परत येतो आणि राजांच्या पुस्तकात या पश्चात्तापाचा उल्लेखही नाही. ही जागा या वेळी वाचायची राहून गेली.